मित्रांसोबत थेटरात पिक्चर: तुमची टोळी अजून जमते का?

निशिगंध:

परवा रात्रीच्या शेवटच्या शोला गेलो होतो, आम्ही पाचजण, शाळेपासूनची टोळी. पिक्चर बरा होता. पहिला तास मस्त, मग जरा रेंगाळला आणि शेवट गुंडाळून टाकल्यासारखा वाटला. पण संपल्यावर पार्किंगमध्ये गाड्यांना टेकून जे उभे राहिलो ते वॉचमनने दुसऱ्यांदा शिट्टी मारेपर्यंत. पिक्चरमधल्या त्या बाईने पत्र द्यायला हवं होतं की नाही यावर सरळ दोन गट पडले आणि एकजण तर इतका पेटला की हेल्मेट घालून परत काढून भांडायला आला. घरी येऊन झोप लागेना म्हणून हा धागा काढतेय.

आमच्यातल्या एका मित्राचा उजवा पाय कायम हलत असतो. वर्गात बाकाखाली हलायचा, आता ऑफिसात हलतो, आणि थेटरात शेजारी बसला की माझी खुर्चीपण थरथरते कारण अख्खी रांग एकमेकीला जोडलेली असते. आधी मी वैतागायचे. मग कधीतरी लक्षात आलं की सीनने त्याला धरलं की पाय थांबतो, एकदम, जसा पंखा बंद करावा तसा. परवा तो एकदाच थांबला. म्हातारी बंद दाराबाहेर उभी आहे, संवाद नाही, म्युझिक नाही, नुसता पाऊस, आणि माझ्या पाठीला लागणारी थरथर गेली. आता तो सीन आठवायला गेले की आधी ती थांबलेली खुर्चीच आठवते. हे घरच्या सोफ्यावर कुठून आणायचं?

मला वाटतं मित्रांबरोबर पिक्चर बघण्यातली खरी मजा गप्प बसण्यात आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण बघा ना, एरवी मित्र भेटले की तोंडाचा पट्टा चालू, फोन चालू, कोणीतरी मध्येच उठणार. थेटरात मात्र दोन-अडीच तास शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून, न बोलता बसतो आपण, आणि तरी बाहेर येताना जवळ आलेले असतो. मग पार्किंगमधल्या गप्पांना जी धार येते ती त्या गप्प बसण्यामुळेच येते असं माझं ठाम मत आहे.

पण हल्ली हे जमवणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड झालंय. ग्रुपवर विचारलं की "बघू", "पुढच्या आठवड्यात नक्की", "ओटीटीवर येईलच की". तुमचं कसं चालतं? टोळी अजून जमते का? कुठे बसता, कोण कोणाशेजारी, नंतर काय? सगळं लिहा, मला वाचायचंय.


दिवेमालव:

मस्त धागा! पाय थांबतो हे वाचून अंगावर काटा आला. आमच्यात एक मैत्रीण आहे, ती भीतीच्या सीनला डोळे मिटत नाही, कान झाकते. म्हणते आवाज गेला की भीती गेली. करून बघा, खरंच जाते. तेव्हापासून भुताचा पिक्चर असला की तिच्या हातांकडे बघून कळतं आता काहीतरी येणार आहे, तिला आमच्या आधी ऐकू येतं.


रीळवाला:

निशिगंध ताई, मी वीस वर्षं थेटरात प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये ऑपरेटर होतो, रिळांच्या काळात, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने लिहितो.

केबिनला छोटी काच असते. त्यातून आम्हाला पडदा दिसायचा आणि पडद्याच्या उजेडात सगळ्यांची डोकी. एकटा आलेला माणूस आणि टोळीने आलेली माणसं नुसत्या डोक्यांवरून ओळखू यायची. जोराचा विनोद झाला की टोळीतली डोकी आधी एकमेकांकडे वळतात आणि मग परत पडद्याकडे. अर्धा सेकंद असेल, पण दरवेळी. आपल्याला हसू आलं ते दुसऱ्याला आलं का हे बघायचं असतं. मी तो अर्धा सेकंद बघण्यासाठी विनोदाच्या आधी मुद्दाम काचेशी जायचो.

काम तसं दमवणारं होतं. ३५ एमएमची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला ९० फूट पळते, २००० फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. एक मशीन चालू असताना दुसऱ्यावर पुढचं रीळ चढवून तयार ठेवायचं. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक गोल ठिपका यायचा, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, मग साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका, त्यावर बदली. चुकलं की पडदा पांढरा आणि अख्खं थेटर ओरडणार. एकदा माझ्याकडून चुकलं, पडदा पांढरा झाला आणि त्या उजेडात खाली एका टोळीतल्या दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून बसलेल्या दिसल्या. रडत होत्या बहुतेक. उजेड पडल्याबरोबर हात सोडले. इतक्या वर्षांनी पण मला त्या चुकीचं वाईट वाटतं, शिट्ट्यांचं नाही, त्या हातांचं.

आता हार्ड डिस्कवरून सगळं चालतं, ठिपके गेले. डोकी मात्र तशीच वळत असणार.


मधलीखुर्ची:

रीळवाला काका, दंडवत. असे प्रतिसाद येतात म्हणून तर इथे येते.


एकलाचला:

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मी गेली कित्येक वर्षं एकटा जातो किंवा घरी बघतो. मित्रांसोबत गेलो की माझं निम्मं लक्ष त्यांना आवडतंय का यावरच असतं, विशेषतः पिक्चर मी निवडला असेल तर. कोणी घड्याळ बघितलं की मला घाम फुटतो. एकटा असलो की पिक्चर आणि मी, तिसरं कोणी नाही. शिवाय कोणीतरी "हा कोण? मघाचाच का?" विचारणारं असतंच. घरी मोठा टीव्ही आहे, चांगले स्पीकर आहेत, हवं तेव्हा थांबवता येतं. मग कशाला?


जुनेपुराणे:

एकलाचला, तुमचा मुद्दा खोटा नाही, एकट्याने बघायचे पिक्चर असतातच. पण एक गंमत सांगतो. कॅमेऱ्याने टिपलेली हलती चित्रं पैसे देऊन बघायची सुरुवात झाली तीच मुळी एकेकट्याने. एडिसनच्या कंपनीचं कायनेटोस्कोप नावाचं लाकडी कपाटासारखं यंत्र होतं, वर एक भोक, त्याला डोळा लावायचा आणि आत फिल्म फिरायची, एका वेळी एकच माणूस. १८९४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये अशी दहा यंत्रं मांडून दुकान उघडलं आणि लोक आले, बघितलं, पुढच्या यंत्राकडे गेले. मग २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ग्रां कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी पडद्यावर दहा छोट्या फिल्म दाखवल्या, एकेक जेमतेम मिनिटभराची. तिकीट काढून आलेले लोक तीसच्या आसपास. पुढचा सगळा इतिहास त्या तळघरातून निघाला, भोकातून नाही.

मला यात फार मोठी गोष्ट दिसते. चित्र तेच, हलणं तेच, यंत्रंही फार लांबची नव्हती. फरक एवढाच की शेजारी माणूस होता. आणि आज सव्वाशे वर्षांनी आपण हातात फोन धरून परत भोकाला डोळा लावून बसलोय. मी पण लावतो, नाही म्हणत नाही, पण त्याला पिक्चर बघणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हसण्याबद्दल तर अभ्यासच झालाय. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसं कधी हसतात याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, त्यात असं निघालं की एकट्यापेक्षा सोबतीत माणूस साधारण ३० पट जास्त हसतो. रीळवाला काकांच्या वळणाऱ्या डोक्यांना याहून मोठा पुरावा नको.


घडीचीखुर्ची:

सगळे प्रतिसाद वाचले. मी इथे सहसा लिहीत नाही पण विचारायचंच आहे. आमचा सहाजणींचा ग्रुप होता, कॉलेजात असताना दर नव्या पिक्चरला पहिल्याच आठवड्यात जायचो. आता तीन वर्षं झाली एकत्र गेलेलो नाही. त्यातल्या एकीचं आणि माझं वाजलं पण होतं, कारण आता सांगण्यासारखं पण राहिलेलं नाही. सगळ्यांना परत आणायचं कसं? फोन करून काय बोलू तेच सुचत नाही.


मधलीखुर्ची:

घडीचीखुर्ची, हा माझा प्रांत आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, आमची नऊजणांची टोळी आहे आणि दर महिन्याला जमते, नियम सगळे चुका करून शिकलोय. पहिलं म्हणजे "कधी जायचं?" हा प्रश्न ग्रुपवर कधीच टाकायचा नाही. नऊ माणसं, नऊ तारखा, मग तिसऱ्या दिवशी कोणीतरी भलताच व्हिडिओ टाकतं आणि विषय संपतो. एका माणसाने ठरवायचं, पिक्चर, दिवस, वेळ सगळं, आणि टाकायचं "शनिवारी संध्याकाळी मी जातेय, गुरुवारी रात्री तिकिटं काढणार, यायचंय त्यांनी हात वर करा". तिघं आली तर तिघांना घेऊन जायचं. न आलेल्यांना एका शब्दाने बोलायचं नाही, फक्त बाहेरचा फोटो टाकायचा. पुढच्या वेळी पाच येतात. आणि ठरवणारा माणूस दरवेळी वेगळा, म्हणजे एकलाचला म्हणतात तो घाम वाटून घेतला जातो. वाईट निघाला तर ठरवणाऱ्याला बोल लावायचा नाही हा आमच्याकडे लिखित नियम आहे, खरंच लिहून ठेवलाय.

जागेचं म्हणाल तर मागची भिंत धरू नका. पडद्यापासून हॉलच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश मागे आणि बरोबर मध्ये बसा, आवाज जुळवणारे लोक साधारण तिथेच बसून आवाज जुळवतात, त्यामुळे तिथे जसा ऐकू येतो तसा कुठेच नाही. एक सांगू? थेटरच्या पडद्याला जवळून हात लावून बघितला तर बारीक बारीक भोकं असतात. मधला स्पीकर पडद्याच्या मागे असतो आणि त्या भोकांतून आवाज येतो, म्हणून तर माणूस बोलतो तिथूनच आवाज आल्यासारखा वाटतो. कडेच्या खुर्च्यांवर ती मजा निम्मी होते.

बसायचा क्रम हा पण विषय आहे. प्रश्न विचारणारा टोकाला आणि त्याच्या शेजारी सगळ्यात शांत माणूस. बाथरूमला जाणारा वाटेच्या बाजूला. रडणाऱ्या दोघी शेजारी शेजारी, एकीमुळे दुसरीला मोकळं वाटतं. ज्यांचं वाजलंय त्या दोघी मात्र शेजारीच, लांब नाही. हे आम्ही एकदा चुकून केलं आणि बरं झालं.


कानसेन:

मला डोळ्यांनी फार कमी दिसतं, उजेड-अंधार आणि हलणाऱ्या मोठ्या आकृत्या एवढंच. हा धागा फोन मला वाचून दाखवतोय आणि मी बोलून टाइप करतोय, चुका पोटात घाला.

मी महिन्यातून एकदा तरी थेटरात जातो. लोक विचारतात काय बघतोस. मी ऐकतो हो. घरच्या स्पीकरवर दार वाजलं तर दार वाजलं एवढंच कळतं, थेटरात दार कुठल्या बाजूला आहे ते कळतं, माणूस मागून डावीकडून चालत पुढे आला ते कळतं. २०१२ साली डॉल्बी अ‍ॅटमॉस ही आवाजाची नवी पद्धत आली तेव्हापासून छतातून पण आवाज यायला लागला, प्रत्येक आवाज हॉलमध्ये नेमक्या जागी ठेवता येतो त्यात. पहिल्यांदा अशा हॉलमध्ये पाऊस ऐकला तेव्हा मी हात वर केला होता, बघायला की भिजतोय का.

काही ठिकाणी कानाला लावायचं यंत्र मिळतं, त्यात पडद्यावर काय चाललंय ते एक आवाज सांगत राहतो. चांगली सोय आहे, सगळीकडे असायला हवी आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी मागणी केली पाहिजे. पण सगळीकडे नाही, म्हणून माझी एक मैत्रीण शेजारी बसून सांगते. तिची पद्धत मला कोणीतरी लिहून ठेवावी असं वाटतं. ती कधीच संवादावर बोलत नाही. दोन संवादांच्या मधल्या फटीत दोन-तीन शब्द टाकते. "दार उघडलं. तोच." किंवा "ती हसली, खोटं." बास. त्या "खोटं" मध्ये अख्खी नटी मला दिसते. आणि जिथे काही सांगण्यासारखं नसतं तिथे ती गप्प बसते, मग मला कळतं की आता पडद्यावर असं काहीतरी आहे जे तिला पण नुसतं बघायचंय. तेव्हा मी पण वाट बघतो. निशिगंध, तुमचं गप्प बसण्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

पुढच्या रांगेतून कधी कोणी "शूऽऽ" करतं. आम्ही आधी जाऊन आजूबाजूच्यांना सांगतो आणि शक्यतो कमी गर्दीचा शो घेतो. सांगितल्यावर आजपर्यंत एकानेही तक्रार केलेली नाही, उलट एक काका शो संपल्यावर येऊन म्हणाले की मला तिचं ऐकून पिक्चर जास्त कळला.


दिवेमालव:

कानसेन, "ती हसली, खोटं". हे वाचून पाच मिनिटं काही सुचलं नाही.

माझी फक्त एक विनंती सगळ्यांना, फोन. अंधारात डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका फोनच्या झोताने क्षणात मोडतो, तुमचाच नाही, मागच्या चार रांगांचा. "ब्राइटनेस कमी करून बघतो" म्हणणाऱ्यांना पण हेच. आमच्या टोळीत दिवे मालवले की सगळे फोन एका पिशवीत जातात, पिशवी ज्याने तिकिटं काढली त्याच्याकडे. दोघींची लहान मुलं घरी असतात, त्यांचे फोन व्हायब्रेटवर त्यांच्याच मांडीवर, तेवढी सूट.


एकलाचला:

जुनेपुराणे यांचं भोकाचं पटलं, खरं सांगतो, कालपासून डोक्यात घोळतंय. माझी भीती मुळात निवडीची आहे. आपण नेलेला पिक्चर पडला तर?


जुनेपुराणे:

पडू दे. यावरही एक छान प्रयोग आहे, येल विद्यापीठात २०१४ च्या सुमाराचा. लोकांना चॉकलेट चाखायला दिलं, कधी शेजारचा माणूस पण तेच चाखतोय आणि कधी तो दुसरंच काही करतोय. बोलायचं नाही. एकाच वेळी दोघांनी चाखलं तर गोड चॉकलेट जास्त आवडलं, आणि दुसऱ्या प्रयोगात कडू होतं ते जास्त नावडलं. म्हणजे सोबतीने चव बदलत नाही, चढते. वाईट पिक्चर मित्रांसोबत जास्त वाईट वाटणार हे धरूनच चला. पण एकट्याने बघितलेला वाईट पिक्चर तुम्ही आठवड्यात विसरता, आणि टोळीने बघितलेला वाईट पिक्चर दहा वर्षांनी पण एका वाक्यावर आठवतो. आमच्यात एक आहे असा, त्यातला एक संवाद आम्ही अजून एकमेकांना वाढदिवसाला पाठवतो.


निशिगंध:

धागा कुठल्या कुठे गेला, सगळ्यांचे मनापासून आभार. रीळवाला काकांचा प्रतिसाद आणि कानसेन यांचा प्रतिसाद मी टोळीला वाचून दाखवला. पायवाल्या मित्राला त्याच्या पायाबद्दल पहिल्यांदाच सांगितलं. त्याला माहीतच नव्हतं. आता मला भीती वाटतेय की तो मुद्दाम लक्ष ठेवेल आणि पाय थांबणं बंद होईल.


कानसेन:

नाही होणार. सीन चांगला असला की कोण कशावर लक्ष ठेवतंय.


घडीचीखुर्ची:

परत आले. मधलीखुर्ची, तुम्ही सांगितलं तसंच केलं. विचारलं नाही, सांगितलं. शनिवार, संध्याकाळचा शो, गुरुवारी तिकिटं काढणार. पहिल्या दोन तासांत काहीच आलं नाही, मी फोन उलटा करून ठेवला होता. मग एकीचा हात, मग दुसरीचा. आणि गुरुवारी रात्री साडेनऊला तिचा, जिच्याशी वाजलं होतं तिचा. नुसता हात, शब्द नाही.

चौघी गेलो. दारात भेटलो तेव्हा ती आणि मी फक्त "आलीस" "हो" एवढंच बोललो. आत बसताना क्रम मी ठरवणार होते पण अंधार झालाच होता, सगळ्या घाईने सरकल्या आणि ती माझ्या शेजारीच आली. एखाद्या हॉटेलात समोरासमोर बसायला सांगितलं असतं तर मी गेले नसते, काय बोलणार होते मी. इथे बोलायचंच नव्हतं. पहिली दहा मिनिटं मधल्या हँडलवर दोघींनीही हात ठेवला नाही. मग कधीतरी दोघींचेही कोपर तिथे होते, कधी ठेवले ते आठवत नाही. एका जागी मला हसू आलं आणि मी वळून बघितलं, रीळवाला काका, अगदी तुम्ही म्हणालात तसं, तर ती आधीच माझ्याकडे बघत होती.

संपल्यावर बाकीच्या दोघी उठल्या. ती म्हणाली नावं संपेपर्यंत थांबूया का? कॉलेजात असताना आम्ही सहाजणी कायम थांबायचो, शेवटचं नाव जाईपर्यंत. थांबलो. दिवे लागले, झाडायला माणसं आली, एकजण आमच्या पायाखालून झाडू घालून गेला आणि आम्ही पाय वर घेऊन बसलेल्या. शेवटचं नाव गेलं तेव्हा ती म्हणाली, "तुझे केस कापलेस." मी म्हणलं, "दोन वर्षं झाली."

मग बाहेर उभ्या राहिलो, किती वेळ ते बघितलं नाही. उरलेल्या दोघींपैकी एकीने आत्ताच विचारलंय पुढच्या वेळी माझं पण तिकीट काढशील का.